अध्याय १३, श्लोक ९ : मांडीवरची लेक आणि आसक्ती

या आठवड्यात आपलं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायात चालू आहे. सातव्या श्लोकापासून अकराव्यापर्यंत भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. अमानित्वापासून सुरुवात होते, मोजली तर वीस भरतात. पहिल्या दोन श्लोकांचं चिंतन झालं. आज नववा. खरं तर हा तीन दिवसांपूर्वीच लिहायचा होता, पण मी त्यात अडकले होते.

कसं अडकले ते सांगते. मी सकाळी सव्वापाचला वाचायला बसते. या श्लोकात दोन शब्द आहेत, असक्ती आणि अनभिष्वंग. मुलंबाळं, संसार, घरदार यांत मन चिकटू न देणं, त्यांच्यात गुरफटून न जाणं, असा साधारण अर्थ. हे वाचत असतानाच माझी सात वर्षांची लेक डोळे चोळत आली आणि काही न बोलता मांडीत बसली. केस विस्कटलेले, अंग झोपेनं गरम, माझ्या हनुवटीखाली तिचं डोकं. समोर पुस्तकात लिहिलंय की गुंतू नये. आणि माझ्या मनात एकच विचार, की हिनं अजून पाच मिनिटं तरी उठू नये.

आता यात चूक कुणाची? पुस्तकाची तर नाही.

आधी एक कबुली. गेलं वर्षभर मी वाचनाच्या वेळी खोलीचं दार लावून घ्यायचे. "आई वाचतेय, आत यायचं नाही." ती दाराखालून कागद सरकवायची. कधी मांजराचं चित्र, कधी नुसतंच 'झाल का', अनुस्वाराशिवाय. मला राग यायचा. वाटायचं, साधनेत विघ्न. कसलं विघ्न ते आता विचारू नका. त्यातले दोन-चार कागद ठेवलेत, बाकीचे रद्दीत गेले.

दार उघडं राहायला लागलं ते एका शब्दामुळे. माझ्याकडची ज्ञानेश्वरी माझ्या वडिलांची, खाकी कव्हर घातलेली. वडिलांना आम्ही सगळे नाना म्हणतो, लेकसुद्धा नानाच म्हणते. म्हणून तिच्या लेखी हे पुस्तक म्हणजे 'नानेश्वरी'. नानांचं पुस्तक, म्हणून नानेश्वरी. आम्ही हसायचो, कुणी कधी सुधारलं नाही. मग या जूनमध्ये ती दुसरीत गेली, आणि एक दिवस सहज म्हणाली, "आई, तुझी ज्ञानेश्वरी सोफ्यावर राहिलीय." स्पष्ट, अगदी बरोबर. मी "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. ती शेवटचं 'नानेश्वरी' कधी म्हणाली होती ते मला आठवेना. बहुधा मी दार लावून बसले होते तेव्हा.

हे जे हुरहुरणं, हाच मोह का? आपल्यातल्या पुष्कळांना हा प्रश्न पडत असणार, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि ज्यांनी नुकतंच नेमानं वाचायला सुरुवात केली आहे. मुलाच्या बोलण्याचं, चालण्याचं, त्याच्या वासाचं इतकं सुख घ्यावं का? की थोडं मागे सरून राहावं?

मागे सरून राहणारा माणूस मी जवळून पाहिलाय. नाना. रोज पहाटे स्नान, मग ओव्या, मग ऑफिस. आम्हा बहिणींना त्यांनी कधी हात लावला नाही, म्हणजे मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. कॉलेजातून उशीर झाला तर स्टँडवर येऊन उभे राहायचे, पण घरापर्यंत चार पावलं पुढे चालायचे. "गुंतू नये," हे त्यांचं वाक्य. मला त्यांचा अभिमान होता. मैत्रिणींचे वडील टीव्हीपुढे बसायचे, माझे ज्ञानेश्वरीपुढे.

या श्लोकावर अडकले तेव्हा रविवारी त्यांना साताऱ्याला फोन लावला. नाना आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. विचारायचं धाडस कसं झालं माहीत नाही.

"नाना, तुम्ही मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही."

"घेतलं नाही, म्हणून आठवत नाही."

"का हो?"

बराच वेळ फोनमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "तुझ्या आधीचा गेला ना. अकरा महिन्यांचा होता. त्याला मी फार खेळवायचो. ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आधी त्याला घ्यायचो." मग पुन्हा पंखा. "नंतर ठरवलं, आता अंतर ठेवायचं. ओव्या वाचताना वाटायचं, जमतंय आपल्याला. ते वैराग्य नव्हतं गं. भीती होती."

भाऊ होता हे मला माहीत होतं. देवघराच्या खालच्या खणात त्याचा फोटो आहे. पण नाना त्याच्याबद्दल बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. पुढे काय बोलावं सुचेना. त्यांनीच विचारलं, "पोरगी काय करतेय?" आणि मी फोन तिच्याकडे दिला.

तीन दिवस मी याच विचारात होते. जो माणूस बाहेरून सगळ्यात अलिप्त दिसत होता, तो आतून चाळीस-पन्नास वर्षं त्या अकरा महिन्यांना धरून बसला होता. म्हणजे अंतर ठेवलं की आसक्ती सुटते, असं नाही. कधी कधी अंतर हाच तिचा मुक्काम असतो.

मग श्लोक काय सोडायला सांगतो? आचार्यांनी भाष्यात अनभिष्वंगाचा अर्थ फोड करून सांगितलाय. दुसरा सुखी तर मीच सुखी, तो दुःखी तर मीच दुःखी, तो जगला तर मी जगलो, तो मेला तर मीही मेलो, असं दुसऱ्याशी एकरूप समजणं म्हणजे अभिष्वंग. हे वाचलं आणि मला लेकीच्या शाळेतली पाठांतर स्पर्धा आठवली. ती मधेच विसरली, खाली उतरली, नंबर आला नाही. उतरल्यावर मिळालेलं चॉकलेट खात ती मैत्रिणीशी गप्पा मारत होती. आणि मी? रिक्षात बसेपर्यंत माझा चेहरा पडलेला. हरलं कोण होतं? ती तर नक्कीच नाही. तिच्या जागी मी स्टेजवर उभी होते आणि मी विसरले होते. अभिष्वंग असेल तर तो तिथे होता. पहाटे मांडीवर ती झोपेत असते तेव्हा मला तिच्याकडून काहीच नको असतं.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट या श्लोकासोबत नेहमी सांगितली जाते. राज्य, मुलं, सगळं सोडून तो गंडकीकाठी पुलहाश्रमात गेला. सिंहाच्या गर्जनेनं घाबरलेली हरिणी नदी ओलांडून गेल्यावर मेली, तिचं पाडस त्यानं वाचवलं, वाढवलं. त्याला भरवणं, खाजवणं, खांद्यावर घेणं यात एकेक नेम सुटत गेला, मरताना तेच डोळ्यांपुढे आलं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. लहानपणी ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटायची. पाडसाला वाहू द्यायचं होतं का?

यावेळी मूळ अध्याय पुन्हा वाचला. पाडस समोर खेळत असतं, तेव्हा भरत फार बोलत नाही. त्याचा लांबलचक विलाप येतो तो पाडस दिसेनासं झाल्यावर. लांडग्यानं खाल्लं असेल का, परत येईल का, आत्ता असतं तर कसं शिंगांनी ढोसलं असतं. म्हणजे तो गुंतलाय तो समोरच्या पाडसात कमी आणि मनातल्या पाडसात जास्त. मनातलं पाडस काही चरत नाही, मोठं होत नाही, निघून जात नाही. ते फक्त धरून ठेवता येतं.

माझ्या फोनमध्ये लेकीचे अकरा हजार फोटो आहेत. गॅदरिंगला तिचा नाच मी संपूर्ण स्क्रीनमधून पाहिला, कारण रेकॉर्ड करत होते. घरी आल्यावर तिनं विचारलं, "मी तुला हात केला तेव्हा तू का नाही केलास?" व्हिडिओत पाहिलं, खरंच तिनं हात केलाय. फोटो काढू नयेत असं मी म्हणत नाही. मी अजूनही काढते. पण हे माझं पाडस आहे.

याच्या दुसऱ्या बाजूला दहाव्या स्कंधातली यशोदा. कृष्णानं माती खाल्ली म्हणून तिनं तोंड उघडायला लावलं आणि आत सगळं विश्व दिसलं. हे आपल्याला पाठच असतं. पुढचं आपण पटकन ओलांडून जातो. तिला तत्त्व कळतं, आणि लगेच भगवंत तिच्यावर पुत्रस्नेहाच्याच रूपानं माया पसरतात. ती पाहिलेलं विसरते आणि मुलाला मांडीवर घेते. ज्ञान मिळालं आणि काढून घेतलं! योगी जन्मभर ज्यासाठी बसतात ते हिला क्षणभर मिळालं आणि त्याजागी परत एक मातकट तोंडाचा मुलगा. आणि शुकाचार्यांना ही काही तिची हानी वाटत नाही. उलट पुढच्याच अध्यायात ते सांगतात की हिला जो प्रसाद मिळाला, तो ब्रह्मदेवाला, शंकराला, लक्ष्मीलाही मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, तिचा मुलगा देव होता. आमची दोडक्याची भाजी डब्यातून काढून कुंडीत पुरते. बरोबर आहे. पण यशोदेला कुठे माहीत होतं? तिच्या बाजूनं पाहिलं तर तिच्याकडेही एक हट्टी पोरच होतं. तीही काही आदर्श आई नव्हे. चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून भुकेलं पोर मांडीवरून खाली ठेवून ती धावली, आणि त्यानं मडकं फोडलं. मी हे प्रकरण वाचते तेव्हा दुधाच्या जागी मला ऑफिसचा कॉल ऐकू येतो.

नारदांच्या भक्तिसूत्रांत तर भक्तीचे अकरा प्रकार सांगताना प्रत्येकाला 'आसक्ती' हाच शब्द लावलाय. त्यात वात्सल्यासक्तीही आहे. गीता सोडायला सांगते तो शब्द आणि नारद धरायला सांगतात तो शब्द एकच. यावर पंडितांची उत्तरं असतील. मला एवढंच दिसतं, की प्रश्न प्रेम किती असावं याचा नसून त्या प्रेमात मी काय मागतेय याचा असावा.

आणि माउली या श्लोकावर काय म्हणतात पाहा. ज्ञानी माणसाला आपली मुलं कशी वाटतात? वस्तीला आलेल्या पाहुण्यांसारखी. किंवा झाडाखाली येऊन बसलेल्या गुरांसारखी. नाना यातून 'झाड अलिप्त असतं' एवढं घेत आले. मीही. पण उन्हात झाडाखाली गुरं बसलेली पाहिली आहेत का कधी? झाड त्यांना बांधत नाही हे खरं. पण सावली काही हात राखून देत नाही, सगळी देते. गुरं रवंथ करतात, पाठ खाजवतात, ऊन उतरलं की उठून जातात.

यातली एक गोष्ट मात्र मला टोचते. झाड गुरं कुणाची ते विचारत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. सुट्टीच्या दिवशी ती जिन्यात बसून आईची वाट पाहते. कित्येक महिने मी तिच्या बाजूनं लेकीचा हात धरून गेले, लेकीला गोष्ट सांगत. माझा आनंद खरा होता, पण त्याला कुंपण होतं. श्लोकातलं माझं उत्तर बहुधा मांडीवर नसून त्या जिन्यात आहे. गेल्या शनिवारी तिला आत बोलावलं. दोघींनी मिळून माझ्या कणकेचा गोळा संपवला आणि तिसऱ्या मिनिटाला भांडल्या. याचं पुढे काय होतं ते पाहू.

आज सकाळी दार उघडंच होतं. लेक आली, बसली, आणि पानावर बोट ठेवून म्हणाली, "कुठपर्यंत आलीस?" मी दाखवलं. सवयीनं म्हटलं, "चल, आता नानेश्वरी मिटू या."

"ज्ञा-ने-श्व-री, आई," ती म्हणाली. "नानेश्वरी लहान मुलं म्हणतात."

उद्या दहावा श्लोक. त्यात अनन्य भक्ती आहे आणि एकांताची आवडही आहे. आमच्याकडे उद्यापासून दिवाळीची सुट्टी लागतेय, तेव्हा चिंतन यायला उशीर झाला तर समजून घ्या.

राम कृष्ण हरी.