थोमा त्या घरातच होता

३ जुलै, प्रेषित संत थोमा यांचा सण
आजचं शुभवर्तमान : योहान २०:२४-२९

आजच्या उताऱ्यातली एक बारीकशी गोष्ट मी कित्येक वर्षं नुसती वाचून पुढं जायचो. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं थोमाने सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. प्रभू पुन्हा आले ते आठ दिवसांनी. आणि तेव्हा थोमा त्याच घरात, त्याच माणसांत होता.

मधले आठ दिवस कसे गेले असतील? बाकीचे दहा जण आनंदात, आणि हा एकटा गप्प. तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. तोही उठून गेला नाही.

मला हे कळलं ते चार वर्षांपूर्वी. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अकोल्याला गेली होती. दिवस भरायच्या खूप आधी लेक झाली आणि चाळीस मिनिटं जगली. मी कॉरिडॉरमध्ये फोन लावत होतो. जीव धोक्यात असेल तर कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मी लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो होतो. त्या क्षणी सुचलंच नाही.

नंतर घरी मावशी म्हणाली, "बाप्तिस्म्याविना गेली बाप्पा लेक. असे लेकरं लिंबोत जातात, आमाले तर तसंच शिकवलं होतं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ती स्वतः रडत होती. पण माझ्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. माझ्या विसरण्याची शिक्षा लेकीला? मग मेळघाटात जन्मून काही दिवसांत गेलेली कोरकू लेकरं, ज्यांच्यापर्यंत ना डॉक्टर पोचला ना फादर, त्यांचं काय? ख्रिस्तसभा असं शिकवत असेल तर मला ते पटत नव्हतं.

मी मिस्सा सोडली नाही, पण मतांगीकारात बाप्तिस्म्याची ओळ आली की ओठ मिटायचे. आपल्याकडे अमरावती धर्मप्रांतात माणसं मोजकी, कोण गप्प आहे हे लगेच दिसतं. एका वयस्कर फादरांना दिसलंच.

त्यांनी मला उपदेश केला नाही. लिंबो हे ख्रिस्तसभेचं श्रद्धासत्य कधीच नव्हतं, मध्ययुगातल्या ईशज्ञान्यांनी काढलेला तो एक तर्क होता, हे त्यांच्याकडूनच मला पहिल्यांदा कळलं. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये (परिच्छेद १२६१) अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली आहेत. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने ईशज्ञान आयोगाचा एक दस्तऐवज आला. या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं तो म्हणतो. आशा म्हणतो, खात्री म्हणत नाही.

खरं सांगू? मला खात्रीच हवी होती. मी फादरांना विचारलं, इतकी आशा आहे तर बाप्तिस्म्याची घाई तरी कशाला? ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "हा प्रश्न माझ्याकडेही आहे." कॅटेकिझम (२०८८) सुद्धा मुद्दाम पाठ फिरवणं आणि मनाविरुद्ध अडखळणं यांत फरक करतो, हे त्यांनीच दाखवलं. आमच्या ऑफिसात तिकीट महिनोन्‌महिने ओपन राहतं, म्हणून कुणी सिस्टम बंद करत नाही. तसंच काहीसं.

त्यांनी मला पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचायला दिला. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व यांवर प्रश्न विचारायला लागल्या. त्यांच्यावर मनापासून माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन दुखावल्या. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील मात्र पत्रांतून शांतपणे एकेका शंकेशी बोलत राहिल्या. ती पत्रं वाचताना मला सारखे ते दहा जण आठवत होते. पुढं याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

तुमच्यापैकी काही जण मला लिहितात, "दादा, अमुक शिकवण पटत नाही, मी अजून कॅथलिक आहे का?" त्यांना माझं एवढंच सांगणं, आठवडाभर थोमासारखे घरात थांबा, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा एक माणूस शोधा. आणि तुम्ही त्या दहांपैकी असाल, तर घरातल्या थोमाला टोमणे मारू नका.

आज संध्याकाळी मिस्सेला जाणार आहे. त्या ओळीला मी अजूनही कधी कधी अडतो. शेजारी बायको उभी असते, ती म्हणते.

प्रभो, माझी चाळीस मिनिटांची लेक तुझ्याकडे आहे असं धरून मी चाललोय. आमेन.