फणस, तेल आणि तांबे

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, सप्टेंबरच्या मध्यात, कोलकात्याच्या बेहालातल्या दुरुस्तीच्या दुकानांत सोल्डरिंग आयर्न थंड पडलेले असते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे पुजतात, तसेच हे. शिवाय इथे आकाशभर पतंग. दुसऱ्या दिवशी तेच आयर्न एखाद्या सर्किट बोर्डावर टेकते आणि तो आखणाऱ्याला आसक्तीचा हिशेब जमला होता की नाही, ते लगेच कळते.

बोर्डात ग्राउंडसाठी तांब्याचा सलग थर असतो, बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा. पॅड, म्हणजे सुटा भाग झाळायचा ठिपका, त्यात थेट मिसळला, तर आयर्नची सगळी ऊब तो थर पिऊन टाकतो. भोवतालच्या फायबरग्लासपेक्षा तांबे हजारपटींहून जास्त उष्णता वाहून नेते. कथील-शिशाचा जुना ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतो, पण पॅड तेवढा तापतच नाही. वर चकचकीत गोळा, खाली पकड शून्य. कारागीर म्हणतो, ड्राय सोल्डर! म्हणून पॅडभोवती फट सोडून त्याला दोन-चार बारीक आऱ्यांनी थराशी जोडतात. यालाच थर्मल रिलीफ म्हणतात: वीज जाते, उष्णता अडखळते.

बोर्ड भट्टीत झाळला, तर गंमत वेगळी. मिलिमीटरभर कपॅसिटरचे एक टोक थरात बुडालेले आणि दुसरे बारीक रेघेवर असेल, तर दुसऱ्या टोकाचा सोल्डर आधी वितळतो आणि कपॅसिटरला ओढून थडग्याच्या दगडासारखा उभा करतो.

मग पॅडभोवतीची ही फट म्हणजे अनासक्ती का? गीतेतल्या कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही. पॅड मात्र चिकटलेलाच असतो. जवळचा दाखला रामकृष्ण परमहंसांचा: हाताला तेल लावून फणस फोडावा, भक्ती मिळवून संसारात उतरावे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण तेल नंतर पुसता येते, आरे पुसता येत नाहीत. झाळायला दोन सेकंद लागतात आणि त्या सोयीपायी प्रवाह जन्मभर अरुंद गळ्यातून जातो. अंतर राखणे फुकट नसते, हे उपदेशकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते.

शिवाय सगळ्यांना ते मानवतही नाही. पॉवर सप्लायच्या चिपच्या पोटाखालचा पॅड तांब्याशी एकजीवच हवा. तिथे आरे ठेवले तर चिप स्वतःच्याच उष्णतेने करपते. रामकृष्णही तेलाची गोष्ट संसारी माणसांना सांगत. नरेंद्रासारख्या (पुढचे विवेकानंद) तरुणांना त्यांनी भगवी वस्त्रे दिली. अशी एकजीव झालेली चिप काढायची, तर नुसते आयर्न पुरत नाही. बोर्ड खालून तापवायचा, वरून गरम हवा सोडायची आणि चिमटा हातात धरून वाट पाहायची.