वाजत राहिलेला टाळ



माझा नातू विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी कीर्तनात माझ्या मागे टाळ धरून उभा राहायचा. आता त्याला अंतराळात जायचे आहे. परवा त्याने विचारले, "आबा, एवढं उंच जायची इच्छा धरणं हा अहंकार तर नाही ना?"

वासनेवर मी आयुष्यभर निरूपण केले. पण उत्तर चटकन सुचेना. म्हटले, "तुझ्या विद्येतलीच एखादी गोष्ट सांग." त्याने कल्पना चावलांची सांगितली.

त्या मूळच्या कर्नालच्या. १९८२ साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेला गेल्या. १९९७ मध्ये अंतराळात जाऊन आल्या. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यानातून पुन्हा निघाल्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. खाली काही अभियंत्यांना शंका आली. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, असे त्यांनी सुचवले. वरिष्ठांनी ते मनावर घेतले नाही. १ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला आणि उतरायला सुमारे सोळा मिनिटे उरली असताना यान मोडले. सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष संस्थेच्या कामाच्या रीतीला दिला.

ऐकताना मला समाजआरती आठवली. माउलींची पालखी तळावर येते. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात. दिवसभर चालून थकलेला सारा समाज तोवर उभा असतो. आरती मग होते.

भाविकहो, इथे मला माझीच एक गोष्ट बोचली. एकदा माझा ओवीचा पाठ चुकला. टाळकऱ्याने हळूच सांगितले. मी त्याला सगळ्यांदेखत गप्प केले. तो पुन्हा माझ्या मागे उभा राहिला नाही. मी जमिनीवरच होतो. अहंकार मात्र आभाळाला भिडला होता.

नातवाला म्हटले, "बाळा, पंढरीची ओढ हीसुद्धा इच्छाच. उंच जाण्यात अहंकार नाही, ऐकेनासं होण्यात आहे. उद्या तू मोठा झालास आणि एखादा धाकटा शंका घेऊन आला, तर त्याचं ऐकून घे. तुला स्वतःला शंका आली, तर बाकीचे सगळे टाळ थांबले तरी तुझा थांबवू नकोस."

तो म्हणाला, "आणि वर मीच असलो तर?"

मी त्याच्या आजीकडे पाहिले. ती वाती वळता वळता थांबली होती. म्हटले, "मग खाली कुणीतरी टाळ वाजवत राहावा, एवढंच आम्ही पांडुरंगाला मागू."