निखाऱ्यावरचा थेंब

महामार्गालगतच्या नव्या बार्बेक्यू हॉटेलात टेबलाच्या मधोमध निखारे ठेवतात. सळईवरच्या कोंबडीची चरबी टपकते, चर्र आवाज होतो, पोरं खूश. डहाणूच्या चिकूवाड्यांतल्या एखाद्या जुन्या इराणी जरथुश्ती आजीला मात्र तो थेंब खटकेल. भांडं उतू जाऊन अग्नी विटाळू नये, ही तिच्या घराची शिस्त.

मग स्वयंपाकाचा अग्नी मंदिरातल्या अग्नीपेक्षा कमी प्रतीचा?

तलासरीहून उत्तरेला, वापीच्या पुढे उदवाडा लागतं. जरथुश्ती अग्निमंदिरातला इराणशाह नावाचा पवित्र अग्नी तिथे १७४२ पासून तेवतो आहे. असा आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च प्रतीचा मंदिराग्नी, १६ प्रकारचे अग्नी शुद्ध करून सिद्ध होतो. त्यांत कुंभाराचा असतो, सोनाराचा असतो, चितेचासुद्धा! राबणाऱ्या अग्नीला गाभाऱ्यात मिळालेली ही जागा फार मोलाची वाटते. सळईखाली चरबी झेलायला एक ताटली सरकवली, तर आजीही जेवायला बसेल.