एकच तर नेलं, साहेब!

फोटो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेलच. इनामगावचं प्राचीन वस्तीचं ठिकाण, सहलीचे पिवळे टी-शर्ट, तळहातावर मांडलेली तिथली खापरं. (सहलीला गणवेश कशाला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.) मग त्यावरून जुंपलेली हमरीतुमरीही वाचली असेल. ‘पाटी नव्हती’, ‘पोरांनी उचललं’ वगैरे सोडून देऊ. डोक्यात गेलं ते तिसरं: "एवढा खच पडलाय, एक नेलं तर काय बिघडतं?"

हे म्हणणारे गृहस्थ चाकणच्या कारखान्यात अधिकारी आहेत म्हणे. तर साहेब, उद्या पहिल्या पाळीच्या कामगाराने सुटताना खिशात एक नट टाकावा. बिनमध्ये हजारो पडलेत. गेटवर झडती झाली की म्हणावं, "आठवण म्हणून नेतोय. शोकेसमध्ये ठेवीन, पोरांना यंत्रांची गोडी लागेल." तुम्ही त्याची पाठ थोपटणार? मेमो द्याल, चौकशी लावाल. ठेकेदाराचा माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. आणि नट तर पुन्हा बनतो, तुमच्याच शॉपमध्ये, ढिगाने. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला मात्र जादा ऑर्डर देता येत नाही. तिथे पिवळा टी-शर्ट घालून वशिला लावला तरी नाही.

डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी, याच इनामगावात खणत होती, ती मोहरांच्या हंड्यासाठी नव्हे. सव्वाशेहून जास्त घरं निघाली, पाण्याचा पाट निघाला, कोठार निघालं. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. चाकावरची, टिचकी मारली की खणखणणारी जोर्वे शैलीची भांडी जाऊन ओबडधोबड भांडी आली. पाऊसमान बिघडलं आणि गाव खंगलं, असा उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांचा निष्कर्ष. तो काढता आला, कारण कोणतं खापर कुठे, कोणत्या थरात मिळालं याची नोंद होती. वर विखुरलेल्या खापरांवरूनही वस्ती कुठवर पसरली होती ते कळतं. तुमच्या दिवाणखान्यातल्या खापरावरून एवढंच कळतं, की तुम्ही इनामगावला जाऊन आलात.

फोटोतल्या एका जाड, करड्या तुकड्याबद्दल मात्र सांगतो. इनामगावात मूल दगावलं की दोन करडे कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. तुमचा तुकडा त्यातलाच असेल असं नाही. पण शोकेसमध्ये मांडण्याआधी घरच्यांना विचारून घ्या.

बाकी मी काही पोलीस नाही. खापरं बघायचीच असतील तर येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, चाकण-शिक्रापूर रस्त्यावरचे ट्रेलरही चुकतील. जाताना ‘ते एक’ घेऊन जा आणि कुठून उचललं असं विचारलं, तर खरं सांगा.