मोठ्या माणसाला कोण सांगणार?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

लहानाला गुरू लागतो हे सगळ्यांना मान्य आहे. पोरगं शाळेत गेलं की त्याला मास्तर लागतो, तालमीत उतरलं की वस्ताद लागतो, भजनात बसलं की बुवा लागतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या, हाताखाली चार-पाचशे माणसं असलेल्या, केबिनबाहेर शिपाई बसवलेल्या माणसाला सांगणारा कुणी लागतो का? आणि लागत असेल, पण तो स्वतः मागत नसेल, तर “साहेब, तुम्ही कुणाजवळ तरी जाऊन बसा” असं त्याला म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का? श्रीदत्तजयंतीच्या या अंकात हा प्रश्न भक्तमंडळींपुढे ठेवावा असं वाटलं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तो माझ्या रोजच्या कामाचाच भाग होता.

मी काटेवाडीचा. बारामतीजवळच्या एका मोठ्या कारखान्यात कामगार-अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कारखान्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. आपला बारामती-इंदापूरचा पट्टा तसा अधिकारी माणसांचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने, वालचंदनगर, बारामतीची एमआयडीसी, शिवाय पतसंस्था, दूध संघ, शाळा. घराआड कुणी ना कुणी चेअरमन, मॅनेजर नाही तर सुपरिंटेंडेंट निघतो. त्यामुळे हा विषय परका वाटायला नको.

आमच्याकडे वरून ठरलं, की मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी ‘कोचिंग’ सुरू करायचं. गावात मी हे सांगितलं तेव्हा लोक हसले. कोचिंग म्हणजे दहावीच्या पोरांचा क्लास, तो साहेबांना कशाला? तर हा प्रकार वेगळा. बाहेरचा एक अनुभवी माणूस येतो. दर पंधरा दिवसांनी तासभर, दार लावून, एकटा त्या अधिकाऱ्यासमोर बसतो. तो भाषण करत नाही, धंद्याची युक्तीही शिकवत नाही. तो विचारतो. तुम्ही परवा असं का बोललात? ज्याच्याशी बोललात त्याला काय वाटलं असेल? तुम्हाला भीती कशाची आहे? उत्तर त्या अधिकाऱ्याचं त्यानेच शोधायचं. सहा-आठ महिने हे चालतं. आतलं बोलणं बाहेर जाणार नाही, ही त्यातली पहिली अट.

साहेबमंडळींना यासाठी तयार करणं माझ्याकडे होतं. नकार चार प्रकारचे यायचे. पहिला, “माझं काय चुकलंय?” दुसरा, “वेळ कुठाय?” तिसरा, “त्याला आमच्या कामातलं काय कळतं?” चौथा नकार तोंडावर कुणी द्यायचं नाही, पण खरा तोच. “मी इथे बोललेलं उद्या मॅनेजमेंटच्या टेबलावर गेलं तर?”

हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत गूगल कंपनीचा कारभार 2001 साली एरिक श्मिट यांच्याकडे आला. मुरलेला माणूस. त्यांना जॉन डोअर नावाच्या एका जाणत्या संचालकाने सुचवलं, की तुम्ही एक कोच घ्या. श्मिट यांना ते आधी लागलंच. मला काही कमी आहे का, असं त्यांना वाटलं. पुढे ते बिल कॅम्पबेल यांच्याजवळ बसू लागले. हे कॅम्पबेल एकेकाळी कोलंबिया विद्यापीठाच्या संघाला अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल शिकवत असत. नंतर श्मिट यांनीच जाहीरपणे सांगितलं, की मिळालेल्या सल्ल्यांत तो सल्ला फार मोलाचा ठरला. म्हणजे “माझं काय चुकलंय?” हे सातासमुद्रापलीकडेही तसंच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विचारल्याशिवाय कुणाला शिकवू नये, असं आपले वाडवडील सांगत आले. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत भेटतात. राजा असूनही तो आपणहून नम्रपणे विचारतो आणि मग त्याला चोवीस गुरूंची कथा ऐकायला मिळते. हा झाला उत्तम मार्ग. पण सगळेच यदु नसतात. मार्कंडेय पुराणात मदालसेचा धाकटा मुलगा अलर्क याची कथा आहे. तो राज्यात आणि भोगात पुरता गुंतला. त्याचा वनात राहणारा भाऊ सुबाहू याला वाटलं, याला जाग आली पाहिजे. त्याने काशीच्या राजाची मदत घेतली आणि अलर्कावर चाल करविली. खजिना सरला, माणसं सुटली, तेव्हा अलर्काला आईने दिलेल्या अंगठीची आठवण झाली. संकटात उघड म्हणून तिने आत संदेश ठेवलेला होता. तो वाचून अलर्क दत्तप्रभूंकडे गेला, एकटाच त्यांच्यापुढे बसला, आणि त्याचा मोह गेला.

ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती. नोकरीत तिचा वेगळा अर्थ कळला. न मागणाऱ्याला गुरूकडे नेण्याच्या इथे दोन रीती आहेत. भावाची रीत म्हणजे फौज, कोंडीत पकडायचं. आईची रीत म्हणजे अंगठी. आधीच हातात देऊन ठेवायची, उघडायची की नाही ते त्याच्यावर सोडायचं. सुबाहूला राज्य नको होतं, म्हणून त्याची फौज क्षम्य ठरली. आपल्यातल्या किती जणांचा हेतू तितका स्वच्छ असतो?

फौजेची रीत कारखान्यात पाहायला मिळाली. एका विभागप्रमुखांना लेखी हुकूम गेला, कोचकडे बसा. ते बसले. एक वेळ चुकवली नाही. पण सहा महिने हवापाण्याच्या गप्पा झाल्या. हुकुमाने माणूस खुर्चीत बसतो, त्याचं तोंड उघडत नाही.

दुसरे एक प्रॉडक्शनचे प्रमुख होते, वय 54. कामात वाघ, पण जिभेला हाड नाही. त्यांच्या खात्यातून दोन वर्षांत पाच चांगले सुपरवायझर सोडून गेले. एकाची बायको माझ्या घरी येऊन रडली होती, की हे रात्री झोपेत दचकून उठतात. मोठ्या माणसाच्या दोषाची किंमत तो स्वतः देत नाही, खालचे देतात. “हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे” असं म्हणून आपल्याला गप्प बसता येत नाही ते यासाठी.

त्यांना मी पत्र पाठवलं नाही. संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन बसलो आणि म्हणालो, “साहेब, गेल्या वर्षात ‘हे तुमचं चुकतंय’ असं तुम्हाला तोंडावर कोण म्हणालं?” बराच वेळ गेला. मग म्हणाले, “मिसेस. तिच्याशीही महिनाभर अबोला धरला होता.” मी म्हटलं, “कारखान्यात तर कुणाची छातीच होत नाही. म्हणून असा एक माणूस आणलाय, ज्याची बढती तुमच्या हातात नाही आणि तुमची त्याच्या हातात नाही. एकदा बसून बघा. नाही पटलं तर मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही.” ते गेले, पुढेही जात राहिले. स्वभाव बदलला असं म्हणणार नाही, 54 व्या वर्षी तो कुणाचा बदलतो? पण ओरडायच्या आधी ते थांबायला लागले. त्या खात्यातल्या घरांना तेवढं पुष्कळ होतं.

अंगठीच्या रीतीलाही एक अट आहे, हेतू उघड पाहिजे. एकदा मला सांगण्यात आलं, अमुक अधिकाऱ्यांना कोचिंगसाठी राजी करा. चौकशी केली तर कळलं, त्यांना काढायचं आधीच ठरलंय. “संधी दिली होती” असं कागदावर यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मी नाही म्हणालो. ज्याला निरोप द्यायचाय त्याला निरोप द्या, उपदेशाच्या नावाखाली फसवू नका. शेवटी त्यांना सरळ सांगितलं गेलं आणि ते मानाने निवृत्त झाले. मन वळवणं आणि गंडवणं यात फरक एवढाच, की समोरच्याला सगळं कळलं तर तो आपले आभार मानेल की तोंड फिरवेल.

सांगणाऱ्याच्या अंगी काय लागतं, यासाठी रामशास्त्री प्रभुण्यांकडे पाहावं. माधवराव पेशवे 1761 साली सोळाव्या वर्षी गादीवर आले. जपतप, अनुष्ठानात ते इतके रमू लागले, की राज्यकारभार खोळंबायला लागला. शास्त्रीबुवांनी त्यांना उपदेशाचं व्याख्यान दिलं नाही. ते काशीला जायची परवानगी मागायला गेले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं, की राज्य करायचं तर प्रजेकडे लक्ष द्या, ब्रह्मकर्मच करायचं असेल तर गादी सोडा आणि चला माझ्याबरोबर गंगेकाठी. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. माधवरावांनी ते ऐकलं. आपण देवाची माणसं, म्हणून हे विशेष ध्यानात ठेवावं. पूजेचाही आडोसा होऊ शकतो. आणि शास्त्रीबुवांनी सांगताना स्वतःची जागा पणाला लावली होती. ज्याला आपलं काही गमवायची तयारी नाही, त्याचा शब्द मोठ्यांच्या कानात शिरत नाही.

ऐकणाऱ्याच्या अंगी काय लागतं, त्यासाठी सचिन तेंडुलकर. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना त्याने सांगितलं, की आदल्या रात्रीसुद्धा भाऊ अजितचा फोन आला होता, तू बाद कसा झालास यावर बोलायला. 24 वर्षांची कारकीर्द, 200 वी कसोटी, पुन्हा फलंदाजी मिळण्याची आशा जवळजवळ नाही. तरी भाऊ सांगतोय आणि हा ऐकतोय. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, उलट सगळ्या देशासमोर त्याने ते कौतुकाने सांगितलं.

कुणी म्हणेल, पैसे घेऊन येणारा कोच आणि सद्गुरू एका पंगतीत बसवता काय? मुळीच नाही. सद्गुरूचं नातं मुदतीचं नसतं, त्याची फी नसते. पण अवधूतांनी पृथ्वी, भ्रमर, अजगर, पतंग, पिंगळा यांच्याकडूनही एकेक गोष्ट घेतलीच ना? त्यांतला एकही गादीवर बसलेला महंत नव्हता. कोचचा मान तेवढाच, एखादी गोष्ट शिकण्यापुरता. “त्याला आमच्या कामातलं काय कळतं?” या तिसऱ्या नकाराचं उत्तरही इथेच आहे. भ्रमराला तरी राज्यकारभारातलं काय कळत होतं?

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी काटेवाडीला येते. धोतराच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवशी गावातला मोठ्यातला मोठा माणूस मातीत डोकं टेकवतो. गर्दीत नमणं सोपं असतं, सगळेच नमतात. बंद खोलीत, एका माणसापुढे, “हो, इथे माझं चुकतं” एवढं ऐकून घेणं त्याहून फार अवघड. वारीत नमलेलं डोकं दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा ताठ होतं ते याचमुळे.

आणि मंडळी, हे फक्त साहेबांसाठी लिहिलंय असं समजू नका. सत्तरीतला घरचा कर्ता, देवस्थानचा विश्वस्त, सोसायटीचा माजी चेअरमन, आपण सगळे आपापल्या केबिनमध्येच बसलेलो असतो. सुना बोलत नाहीत, मुलं टाळतात, मित्र एकेक करून गेले. आपल्याला शेवटचं “चुकलं” कोण म्हणालं, हे आठवून पाहावं. आठवलं नाही तर समजावं, आपण बिनचूक झालेलो नाही, आपल्याला सांगणारे संपलेत.

म्हणून एकच सुचवतो. एक माणूस निवडा. धाकटा भाऊ असो, जावई असो, जुना सहकारी असो. त्याला सांगा, महिन्यातून एकदा माझ्यापाशी बस आणि दिसेल ते बोल. तो पहिल्यांदा खरं बोलेल त्या दिवशी राग येईल. त्या दिवशी दिलेली परवानगी तेवढी परत घेऊ नका. मोठेपणाची खरी परीक्षा तिथे आहे.

सांगणाऱ्याला धीर आणि ऐकणाऱ्याला कान मिळोत, हीच श्रीदत्तचरणी प्रार्थना.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!