पहिल्या दिवसाची दृष्टी

प्रवाशाच्या पहिल्या दिवसाच्या दर्शनाला समीक्षेने दोन परस्परविरोधी मूल्ये दिली आहेत. एका मतानुसार, सवयीने बोथट न झालेली नवख्याची नजरच स्थळाचे खरे रूप टिपते. दुसरे मत एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर दृढ झाले : परक्या प्रदेशाचे वर्णन हा त्या प्रदेशावरील सत्तेचाच एक आविष्कार असतो. या दोन्ही मतांमागे एक समान गृहीत आहे. पाहणारा तेवढा पाहतो आणि पाहिला जाणारा प्रदेश निश्चल असतो, हे ते गृहीत होय. जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात ते तपासून पाहण्याजोगे आहे.

१४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि पुढे घाटमाथ्यावर जुन्नरला आला. चौलविषयीच्या त्याच्या पहिल्या नोंदी उघड्या अंगांच्या, उघड्या डोक्यांच्या, वेण्यांच्या आहेत. परंतु त्याच ओघात तो हेही नोंदवतो की, आपण जाऊ तेथे गोऱ्या माणसाचे नवल करीत लोक मागोमाग येतात. द्रष्टा येथे स्वतःच दृश्य झालेला आहे. जुन्नरला तर असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत देण्यासाठी धर्मांतराची अट घातली; एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो त्यातून सुटला. या प्रवाशाजवळ सत्ता नव्हती. तरीही त्याची पहिली नजर सरसकट विधाने करतेच. तेव्हा पहिल्या दर्शनाचा नैतिक दोष केवळ सत्तेतून उद्भवतो, असे म्हणता येत नाही. दर्शनालाच ज्ञान मानण्यात त्याचे मूळ आहे.

जुन्नरच्या पावसाळ्यात निकितिनच्या नोंदींचे स्वरूप पालटते. चार महिन्यांचे पाणी आणि चिखल, त्याच दिवसांतील नांगरट व पेरणी, घोड्यांचे खाद्य हे विषय तेथे येतात. ज्यांवर त्याचा स्वतःचा निभाव अवलंबून होता, अशा या गोष्टी आहेत. परावलंबनाने त्याच्या दृष्टीला प्रदेशाशी बांधले, असे म्हणता येईल.

मग ज्याला एकच दिवस लाभतो, त्याने मौन पाळावे काय? आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरील डिंभे धरणाच्या काठी उभ्या राहिलेल्या प्रवाशाला विस्तीर्ण पाणी आणि डोंगर दिसतात. हे दृश्य सुंदर आहे, यात खोटे काही नाही. मात्र ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने आंबेगाव याच जलाशयाखाली गेले आहे. पहिल्या नजरेला ते दिसत नाही आणि न दिसणे हा अपराधही नव्हे. परंतु आपल्या सौंदर्यानुभवाची किंमत दुसऱ्या कोणी दिलेली असू शकते, ही शंका वर्णनात जिवंत ठेवणे त्याला शक्य असते. ज्याचे घर पाण्याखाली गेले, त्याला त्या वर्णनात दुरुस्ती करता यावी, इतकी जागा त्यात राहिली पाहिजे. एका दिवसाच्या प्रवाशाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. याहून कमी अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत यवन दात्यांची नावे आढळतात. इरिल याने दोन पोढ्या दिल्या, चिट याने संघाला भोजनमंडप दिला. या दानांमागे पुण्यसंपादनाचा हेतू होता, हे मान्य करावे लागेल. तरीही आपण येथे काही देणे लागतो, ही जाणीव त्यांत आहेच. हा प्रदेश प्रथम पाहताना त्यांना काय वाटले, ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यांनी येथे काय दिले, ते मात्र आजही खडकावर वाचता येते.